'ह्यां'चं माप काय हो?

दिवाळी असो, लग्नसराई असो, नाहीतर वाढदिवस. दुकानदार शर्टांची चळत समोर टाकतो आणि हसून विचारतो, "साहेबांचं माप काय, वहिनी?" आपण क्षणभर घोटाळतो आणि ठोकून देतो, "चाळीस असेल!" आता हा चाळीसचा आकडा आला कुठून? बहुधा लग्नातल्या सुटावरून. त्याला पंधरा वर्षं होऊन गेलेली असतात. दरम्यान सुटाच्या मालकांची कंबर बदलली, खांदे थोडे उतरले, पण आपल्या डोक्यातला आकडा जागचा हलला नाही.

गंमत बघा, स्वतःच्या ब्लाउजच्या बाबतीत आपण किती काटेकोर असतो! पाव इंच इकडचा तिकडे झाला तरी शिंप्याकडे दोन खेपा घालतो. पण घरातल्या पुरुषांचे कपडे म्हटले की एक शर्ट, एक पँट, त्यात बघायचंय काय, असा आपला खाक्या. पुरुषमंडळीही याला हातभार लावतात. ट्रायल रूममध्ये शिरायचं त्यांच्या जिवावर येतं. शर्ट नुसता छातीला लावून बघतात आणि म्हणतात, "चालेल." घरी आल्यावर तो शर्ट दोनदा अंगात जातो आणि मग कपाटाच्या तळाशी विश्रांती घेतो. कारण विचारलं तर सांगणार नाहीत. 'पोटावर बटण ताणतं' किंवा 'काखेत काचतं' हे बोलायची पुरुषांना सवयच नसते. मग ते बिचारे त्याच दोन जुन्या, विटक्या शर्टांत वावरतात आणि आपण म्हणतो, "ह्यांना मेलं कपड्यांचं काही वाटतच नाही!"

वाटत असतं, मैत्रिणींनो. पण अंगाला बसेल असं काही हाताला लागत नाही. म्हणून आज घरातल्या पुरुषांच्या मापाकडे जरा नीट बघू या.

आकडा एक, अर्थ अनेक

आधी त्या चाळीसची उकल करू. ऑफिसला घालायच्या तयार शर्टावर 40 लिहिलेलं असतं, तेव्हा तो बहुतेक वेळा गळ्याचा घेर असतो, आणि तोही सेंटिमीटरमध्ये! म्हणजे पावणेसोळा इंच. कोटावर 40 असेल तर ती छाती, इंचांमध्ये. बनियनवर 85, 90, 95 असतं, तीही छाती, पण सेंटिमीटरमध्ये. पँटीवरचा 34 म्हणजे कंबर, इंचांत. त्यातही गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून काही कंपन्या 34 च्या पँटीची कंबर प्रत्यक्षात 35 किंवा 36 इंच ठेवतात. एस, एम, एल ही अक्षरं तर प्रत्येक कंपनीची वेगळी. तेव्हा 'ह्यांना एल लागतो' या माहितीला तसा काही अर्थ नाही.

आपल्याकडच्या लोकांच्या अंगकाठीवरून बनवलेला मापांचा तक्ताही आपल्याकडे फार वर्षं नव्हता. बहुतेक तक्ते परदेशी मापांवर बेतलेले. म्हणूनच केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पुढाकाराने 'निफ्ट' या फॅशन तंत्रज्ञान संस्थेने 'इंडियासाइज' हा प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह देशातल्या सहा शहरांत 15 ते 65 वयाच्या सुमारे 25 हजार स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, अशी ही योजना. पण कितीही चांगला तक्ता झाला, तरी तो सरासरीचा असणार. आपल्या घरातला माणूस काही सरासरीचा नसतो!

टेप काढा, वही काढा

शिवणाच्या डब्यातला टेप काढा आणि एका रविवारी सकाळी, नाश्त्याआधी, मापं घ्या. अंगात फक्त बनियन असावं.

*गळा* – जिथे कॉलरचं बटण लागतं तिथे टेप फिरवा, आत एक बोट राहू द्या.

*खांदा* – पाठीमागून, एका खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

*छाती* – काखेखाली, सर्वात भरलेल्या भागावर. श्वास रोखायचा नाही, छाती फुगवायची नाही!

*पोट* – बेंबीवर. हे माप दोनदा घ्या, एकदा उभं राहून आणि एकदा खुर्चीवर बसवून. बसल्यावर पोटाचा घेर वाढतो. शर्टाची बटणं ताणतात ती बसल्यावरच.

*कंबर* – पँट जिथे प्रत्यक्ष घालतात तिथे. बेंबीवर नव्हे, पट्ट्याच्या जागी.

*सीट, मांडी, बाही* आणि *पायाची आतली उंची*, म्हणजे जांघेपासून घोट्यापर्यंत.

ही मापं तारीख घालून वहीत लिहा आणि दर वर्षी पुन्हा घ्या. त्यात एक फायदा कपड्यांपलीकडचाही आहे. आपल्याकडच्या पुरुषांसाठी पोटाचा घेर 90 सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, ही सावधगिरीची रेघ मानतात. त्यापुढे मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. पट्ट्याचं भोक एकेक करत पुढे सरकतं ते माणसाला जाणवत नाही, वहीतला आकडा मात्र लपत नाही.

आणखी एक सोपी युक्ती. त्यांचा सर्वात आवडता, अंगावर छान बसणारा शर्ट बटणं लावून पलंगावर सपाट पसरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. समजा, 21 इंच आले तर शर्टाची छाती 42. अंगाची छाती 38 असेल तर या माणसाला 4 इंच सैलपणा सोयीचा वाटतो, हे कळलं. घरबसल्या फोनवरून कपडे मागवताना कंपनीच्या तक्त्यातलं माप अंगाचं आहे की कपड्याचं, ते आधी वाचा. कपड्याचं असेल तर या 42 शी ताडून पाहा. अर्धी परतपाठवणी वाचेल.

काय बदलता येतं, काय येत नाही

ही गोष्ट एकदा मनात पक्की झाली की खरेदी निम्मी सोपी होते. शर्टाच्या बाजू आत घेता येतात. बाहीचा घेर कमी करता येतो. लांबी कमी करता येते. पँटीची उंची कमी होते, मोहरी निमुळती करता येते, कंबर थोडी कमी-जास्त होते. शिंप्याकडून शिवलेल्या पँटीत मागच्या शिवणीत इंच-दीड इंच कापड राखलेलं असतं. तयार पँटीत ते फारच थोडं असतं, तेव्हा घेण्याआधी उलटी करून बघाच.

पण शर्टाचा खांदा आणि मुंढा, कोटाची लांबी आणि पँटीचं आसन, म्हणजे कमरेपासून जांघेपर्यंतची खोली, या गोष्टी सहसा दुरुस्त होत नाहीत. झाल्याच तर नव्या कपड्याइतके पैसे मागतात. म्हणून शर्ट घेताना आधी खांदा बघा. शिवण बरोबर हाडाच्या टोकावर यायला हवी. पँट घेताना आसन बघा. बाकीचं नाक्यावरचा शिंपी करून देईल.

अंगकाठीप्रमाणे कपडे

*उंच आणि सडपातळ.* या मंडळींना बाही पुरत नाही म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो. मग बाही पुरते, पण शर्टाचं शिड होतं! त्यापेक्षा खांद्याला बसणारा शर्ट घ्या. पूर्ण बाहीची लांबी मनगटाच्या हाडापर्यंत पुरतच नसेल, तर सरळ कापड घेऊन शिवून घ्या. अर्ध्या बाह्या फार रुंद नकोत, घंटेतून लोंबणाऱ्या टोल्यासारखा हात दिसतो. बाहीचा घेर इंचभर आत घेतला की फरक पडतो. जाडसर विणीचं सुती कापड, खादी, वर बंडी किंवा जाकीट यांनी अंग भरल्यासारखं दिसतं. अंगाला चिकटलेले कपडे मात्र हाडं दाखवतात.

*उंचीने कमी.* इथे शत्रू म्हणजे लांबी. शर्ट बाहेर सोडायचा असेल तर तो सीटच्या मध्यापर्यंतच हवा. त्याखाली गेला की पाय आखूड दिसतात. पँटीची मोहरी बुटावर नुसती टेकावी, घोट्याशी चुण्यांचा ढीग नको. एक लक्षात ठेवा, तयार पँट चार-पाच इंच कापली की गुडघ्याची जागा खाली सरकते आणि खालची मोहरी रुंद होते. तेव्हा उंचीबरोबर मोहरीही आत घ्यायला सांगा. शर्ट आणि पँट यांच्या रंगांत फार तफावत नसली तर माणूस मधोमध कापल्यासारखा दिसत नाही.

*पोट पुढे, पाय बारीक.* घरोघरी सापडणारी अंगकाठी! पोटाला पुरणारा शर्ट घ्यावा तर खांदे दंडावर घसरतात. खांद्याला बसणारा घ्यावा तर पोटावरची बटणं आता तुटतात की मग, अशी स्थिती. यांच्यासाठी शिंप्याकडे शिवलेल्या शर्टाला पर्याय नाही. खांदा मापात, पोटाला बसलेल्या मापाहून तीन-चार इंच सैल, आणि पुढची लांबी मागच्यापेक्षा अर्धा ते एक इंच जास्त. पोटामुळे शर्ट पुढून उचलला जातो, हे शिंप्याला सांगितलं नाही तर तो दोन्हीकडे सारखीच लांबी कापतो. सरळ कापाचा, बाहेर सोडायचा बुशशर्ट यांना शोभतो आणि सोसतोही.

पँटीचं तर विचारूच नका. बहुतेक जण पोटाच्या खाली पट्टा आवळतात आणि 'माझी कंबर अजून 34 च आहे' असं समाधान मानतात. मग मागे आसनाला झोळ पडतो, पुढे पोट पट्ट्यावरून ओसंडतं आणि दिवसभर पँट वर ओढायचा व्यायाम होतो. त्यापेक्षा आसन खोल ठेवून, पुढे एक-एक चुणी देऊन, बेंबीच्या जवळ बसणारी पँट शिवून बघा. आकडा वाढेल, पण पँट सरळ खाली पडेल. तयारच घ्यायची तर कमरेला बसेल अशी घ्या आणि मांडीपासून खाली पाय आत घ्या.

आवळलेल्या पट्ट्याचा त्रास नुसता दिसण्याचा नाही. जेवणानंतर घशाशी आंबट येणं त्याने वाढतं. शिवाय जांघेजवळून जाणारी एक नस दबली तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, आग होते. मुंग्यांना मधुमेहासारखी दुसरी कारणंही असतात, म्हणून डॉक्टरांना दाखवायचंच, पण पट्टा सैल करायला डॉक्टरांची वाट कशाला बघायची?

*कसरती अंगाची तरुण मुलं.* छाती 42 आणि कंबर 32! तयार सुटात छाती आणि कंबर यांत साधारण सहा इंचांचा फरक धरलेला असतो, इथे तो दहा. कपडा छातीच्या मापाने घ्या आणि पाठीवर दोन टक घालून कंबर आत घ्या. मांड्या भरलेल्या असतात, तेव्हा पँट मांडीला बसेल अशी घेऊन कंबर कमी करा. कापडात थोडा ताणाचा धागा असला तर उठबस सुखाची होते.

*उतरते खांदे, वाकलेली पाठ.* वर्षानुवर्षं खुर्चीवर बसून काम केलेल्यांची ही ठेवण. गळ्यापासून काखेकडे तिरप्या घड्या पडत असतील तर खांदे उतरते समजा. कोटाला पातळ पॅड लावला की घड्या जातात. शर्टाला खांद्याची शिवण काखेकडच्या टोकाला थोडी उतरवून घ्यावी लागते. पाठ वाकली असेल तर कॉलर मानेपासून सुटते आणि शर्ट मागून वर चढतो. अशा वेळी पाठीला लांबी वाढवून आणि पुढची कमी करून शिवायला सांगा. कित्येकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असतो. चांगला शिंपी ते न सांगता ओळखतो. आपल्या शिंप्याने नाही ओळखलं, तर आपण दाखवून द्यावं.

आता उभ्या रेघांबद्दल. 'जाड माणसाने उभ्या रेघा घालाव्यात' हे आपण पाठच केलेलं असतं. पण हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन डोळ्यांना उंच आणि अरुंद भासतो. तेव्हा रेघांवर फार भरवसा नको. मापात शिवलेला साधा, एकरंगी शर्ट कुठल्याही रेघेपेक्षा जास्त काम करतो.

आजारपणानंतरचे कपडे

हा भाग मुद्दाम वेगळा लिहिते, कारण याकडे घरात कुणाचं लक्ष जात नाही. मोठं आजारपण झालं, शस्त्रक्रिया झाली किंवा वय झालं की माणूस वाळतो. सासरे, वडील, कधी आपले 'हे'. जुने कपडे अंगावर लोंबायला लागतात. पँट पट्ट्याने गोळा करून बांधलेली, कॉलरीत मान हरवलेली. आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, "अरेरे, किती खराब झालात हो!" रोज हे ऐकून माणूस बाहेर पडायचा कंटाळा करतो.

आपण म्हणतो, वजन भरलं की होतील तेच कपडे, आता नवे कशाला? पण वजन भरायला महिने लागतात, आणि नेमके तेच महिने धीराचे असतात. सगळे कपडे नवे नकोत. आत्ताच्या मापाचे दोन शर्ट आणि दोन पँटी पुरतात. जुन्या पँटींची कंबर आत घेताना जास्तीचं कापड कापू नका, शिवणीत दाबून ठेवायला सांगा. वजन परतलं की उसवता येईल. मापाचा शर्ट अंगात गेला की तोच माणूस चार आणे तरी बरा दिसतो, आणि फाटकापर्यंत फिरून येतो.

हात थरथरत असतील तर बटणं लावणं ही रोजची परीक्षा होते. काजं शिवून बंद करा, वरून बटणं तशीच शोभेला ठेवा आणि आतून चिकटपट्टी लावा. बाहेरून शर्ट नेहमीसारखाच दिसतो. पँटीला मागच्या बाजूने इलॅस्टिक, पुढून पट्टी साधी, म्हणजे लहान मुलाची चड्डी घातल्यासारखं वाटत नाही. पक्षाघात झालेला असेल तर कपडे घालताना आधी दुबळा हात बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. अशांच्या शर्टाचे मुंढे नेहमीपेक्षा थोडे सैल ठेवावेत. पायाला सूज येत असेल तर मोज्यांचा आणि पायजम्याचा वळ उमटतो का, ते रात्री बघावं.

आणि हे सगळं करताना त्यांना विचारा. रंग कोणता हवा, खिसा कुठे हवा. चष्म्याला, गोळ्यांच्या डबीला खिसा हवाच असतो. आजारी माणसाच्या वतीने सगळंच आपण ठरवून टाकतो, निदान शर्टाचा रंग तरी त्याला ठरवू द्या.

कापड आणि शिंपी

शिवायला द्यायचं ठरलं तर कापडाचा पन्हा आधी विचारा. मध्यम अंगाच्या पूर्ण बाहीच्या शर्टाला 58 इंच पन्ह्याचं साधारण 1.60 मीटर कापड लागतं, 36 इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर. पँटीला 58 इंच पन्ह्याचं 1.20 ते 1.30 मीटर. उंच किंवा स्थूल माणसासाठी 20 ते 25 सेंटिमीटर जास्त घ्या. बांधीव शर्टपीस आणि पँटपीस मध्यम अंगाचा विचार करून कापलेले असतात. भेट म्हणून आलेल्या तुकड्यात पोटवाल्या माणसाचा शर्ट ओढूनताणूनच बसतो. सुती कापड शिवायला देण्याआधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. ते पहिल्या धुण्यात आटतं आणि मग शिंपी उगीच शिव्या खातो.

कपडा आला की आरशासमोर नुसतं उभं करू नका. खुर्चीवर बसवा, दोन्ही हात वर करायला सांगा, बुटाची नाडी बांधायला वाकवा. पोटावरची दोन बटणं तोंड वासत नाहीत, खोचलेला शर्ट बाहेर निघत नाही, काखेत ओढ बसत नाही, एवढं झालं की कपडा पास! आणि ही परीक्षा त्यांनी स्वतः द्यायची. आपण माप अंदाजाने सांगायचं आणि त्यांनी 'चालेल' म्हणायचं, हा जुना करार आता मोडायला हवा.

मुलगा मोठा होत असेल तर त्यालाही टेप हातात द्या. स्वतःची छाती, कंबर, बाही मोजायला शिकवा, जोडीला बटण लावायलाही. पुढे नोकरीच्या गावी तो एकटा दुकानात उभा राहील आणि दुकानदार विचारील, "साहेब, माप काय?" तेव्हा त्याने आईला फोन न लावता उत्तर द्यावं.